कॅरेट नव्हे, काकपद

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे संगणकावर मजकूर शोधण्यासाठी लिहिलेल्या नमुन्यात, मजकुराचा आरंभ जुळवण्यासाठी जे ^ हे चिन्ह लिहितात आणि ज्याला इंग्रजीत कॅरेट म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे आणि सोन्याच्या कॅरेटशी त्याचे काही नाते आहे का, असे हिंजवडीत काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे.

नाते मुळीच नाही. सोन्याचा कॅरेट अरबी 'किरात'वरून आलेला आहे, तर हा कॅरेट म्हणजे 'उणे आहे' अशा अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. गाळलेले अक्षर जिथे घालायचे तिथे मुद्रितशोधक ही खूण करतो. आपल्याकडचे पोथ्यांचे लेखनिकही हेच करीत आणि त्या खुणेला संस्कृतात काकपद, म्हणजे कावळ्याचे पाऊल, असे सुरेख नाव आहे. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही ते याच अर्थाने सापडते. संगणकातील चिन्हाची वंशावळ वेगळी आहे, कारण १९६३च्या आस्की संकेतात, म्हणजे संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, त्या जागी वर जाणारा बाण होता आणि १९६७च्या आवृत्तीत त्याचे ^ झाले, हे मला मान्य आहे. तरीही काकपद हेच नाव योग्य, असे माझे ठाम मत आहे, कारण काकपद अक्षरावर नव्हे तर अक्षरांमधल्या फटीत बसते, आणि ^ देखील एकही अक्षर न गिळता केवळ जागा दाखवते.

'प्रारंभचिन्ह' हा शब्द सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी चौकोनी कंस उघडूनच पाहिलेला दिसत नाही. [^०-९] मध्ये तेच चिन्ह 'अंक सोडून कोणतेही अक्षर' असे सांगते. तिथे आरंभाचा काय संबंध? नाव आकाराला द्यावे, कामाला नव्हे.

त्याहून खटकते ते '^ म्हणजे ओळीची सुरुवात' हे सर्रास ऐकू येणारे विधान. पहिल्या ओळीत 'मुक्काम सासवड' आणि दुसऱ्या ओळीत 'पुणे' असेल, तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ^पुणे याचा शोध निष्फळ ठरतो, कारण बहुओळी पर्याय चालू केल्याशिवाय तिथे ^ संपूर्ण मजकुराच्या आरंभालाच जुळते. रूबी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत मात्र ते नेहमीच प्रत्येक ओळीच्या आरंभाला जुळते, त्यामुळे वापरकर्त्याने भरलेला मजकूर केवळ ^ लावून तपासला, तर पहिल्या ओळीत काहीही घुसवून दुसऱ्या ओळीत योग्य मजकूर लिहिणारा सहज निसटतो. तिथे उलटी तिरकी रेघ आणि मोठ्या लिपीतील इंग्रजी ए (\A), ही संपूर्ण मजकुराच्या आरंभालाच जुळणारी जोडी लिहिली पाहिजे.