मिठाची पोती कधी उघडायची? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण दर रविवारी नांदेडला डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकत, एकेक कॅरेक्टर बनून गोष्ट खेळायचा गेम खेळतो, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच असतो. आमच्यातल्या एकानं ती जीएनएस थिअरी (खेळण्याचे गेमिस्ट, नॅरेटिव्हिस्ट, सिम्युलेशनिस्ट असे तीन हेतू सांगणारी) वाचली अन् तेव्हापासून सगळ्यांना लेबलं लावायलाय, तू गेमिस्ट म्हणजे जिंकायला खेळणारा, ती नॅरेटिव्हिस्ट म्हणजे गोष्टीसाठी खेळणारी, तुमचं एका टेबलावर जमणारच नाही म्हणतो. एका मैत्रिणीनं तर येणंच बंद केलं. ह्या थिअऱ्यांचा खरंच काही उपयोग आहे का?
एक वाचक, नांदेड

उत्तर : उपयोग आहे दादा, पण तुमचा मित्र ज्या कामाला वापरायलाय त्या कामाला नाही.

हा गेम 1974 ला आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, अन् तो निघाला युद्धाच्या टेबलगेममधून, त्यामुळं थोड्याच वर्षांत कोणी लढायला खेळू लागलं, कोणी गोष्टीसाठी, आणि मग भांडणं आलीच. 1980 ला ग्लेन ब्लॅको यांनी खेळायच्या चार तऱ्हा मांडल्या, पॉवर गेमिंग, वॉरगेमिंग, रोल प्लेइंग आणि स्टोरी टेलिंग. 1997 च्या सुमारास थ्रीफोल्ड मॉडेल आलं : ड्रामा (गोष्ट रंगावी), गेम (डाव रास्त असावा), सिम्युलेशन (गेममधलं जग खऱ्यासारखं चालावं). गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांनी 1999 पासून मांडलेलं जीएनएस त्याच्या नंतरचं. मला स्वतःला ह्या सगळ्यात थ्रीफोल्ड जास्त कामाचं वाटतं, कारण त्यात मुख्य प्रश्न माणसाचा नाही, निर्णयाचा आहे. गेम मास्टर एखादी गोष्ट ठरवतो ती कशाच्या जोरावर ठरवतो, एवढंच ते विचारतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. समजा तुम्ही 1296 चा देवगिरीचा वेढा खेळवायलात, अल्लाउद्दीन खाली अन् रामदेवराय वर किल्ल्यात. धान्य म्हणून वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं सांगतात ना, ते तर तुम्हाला माहीतच असेल. आता तुमच्या गेममधी ही पोती कधी उघडायची? सिम्युलेशनच्या बाजूनं बघितलं तर पोत्यात मीठ आहे म्हणजे आहे, कोणी बघो न बघो, अन् पहिल्या दिवशी एखाद्या खेळाडूनं सहज सुरी खुपसून बघितलं तर पहिल्याच दिवशी कळणार, सगळा वेढाच बदलून जाणार. गेमच्या बाजूनं बघितलं तर खेळाडूंना ओळखायची रास्त संधी पाहिजे, पोतं उचलताना वजन वेगळं लागलं असा काही इशारा, एखादा फासा, आणि ज्यानं डोकं चालवलं त्याला त्याचं फळ मिळालं पाहिजे. ड्रामाच्या बाजूनं मात्र पोती तेव्हाच उघडायची जेव्हा शिबंदी उपाशी आहे, तह करायचा का लढायचा यावर दोन भाऊ भांडायलेत, अन् कोणीतरी चिडून पोतं फाडतं. तिन्ही बरोबर आहेत! पण तुम्ही न सांगता मधीच एकावरून दुसऱ्यावर गेलात तर ज्यानं पहिल्याच दिवशी सुरी खुपसली होती त्याला फसवल्यासारखं होणार, आणि त्याचा राग खरा आहे. हा राग कशाचा आहे हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी थिअरी लई कामाची आहे.

एडवर्ड्स यांची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानते, की नियमांनी फरक पडतो. जुन्या डी अँड डी मधी खजिना आणला की अनुभवाचे पॉइंट मिळायचे, मग शहाणा खेळाडू राक्षसाशी लढत बसायचाच नाही, गुपचूप सोनं घेऊन निघायचा. पॉइंट राक्षस मारल्यावरच द्यायलात तर सगळे मारामारीच करणार, त्यात त्यांच्या स्वभावाचा काय दोष? तुमची मैत्रीण कंटाळली असेल तर पहिले हे तपासा. 2014 च्या आवृत्तीत गोष्टीच्या टप्प्यावर लेव्हल (कॅरेक्टरची ताकदीची पायरी) वाढवायची सोय आहे, ती वापरून बघा.

पण जीएनएसमधले तीन हेतू एका वेळेस चालत नाहीत, एकसारख्या आवडीची माणसं असली तरच गेम रंगतो, ह्या म्हणण्यावर माझा भरवसा नाही. मोठ्या शहरात ठीक आहे, हा ग्रुप नाही तर दुसरा. नांदेड, परभणी, बीडला पाच जण जमले हेच खूप, त्यातली एक गेली तर गेमच बसतो. आपल्याला थिअरी पाहिजे ती ह्याच पाच जणांना एका टेबलावर कसं बसवायचं हे सांगणारी. आणि एडवर्ड्स यांनीच पुढं लिहिलंय की ही नावं खेळण्याच्या त्या त्या प्रसंगाला लावायची, माणसावर शिक्का मारायला नाही. हे मित्राला दाखवा, अन् मैत्रिणीला फोन तुम्ही स्वतः करा, गेम मास्टर म्हणून, आणि एकच विचारा : मागच्या सेशनमधला कोणता भाग तुला आवडला?

प्रश्न : आम्ही लातूरला नवीन ग्रुप काढायलोत. आधी थिअरी वाचून घ्यावी का?
एक वाचक, लातूर

उत्तर : नको. आधी दोन-चार सेशन खेळा. फक्त सुरू करायच्या आधी सगळ्यांनी एकदा बसून बोलून घ्या, कॅरेक्टर मेलं तर चालेल का, फासा वाईट पडला तर गेम मास्टरनं सांभाळून घ्यायचं का नाही, आणि कोणता विषय टेबलावर नको. नंतर गेम मास्टरला वाटलं तर गेम डिझायनर रॉबिन लॉज यांनी 2002 ला सांगितलेले खेळाडूंचे प्रकार बघावेत, कोणाला डावपेच आवडतात, कोणाला नुसती हाणामारी, कोण आपलं सोबतीला येऊन बसतं. तयारी करताना प्रत्येकासाठी एक तरी प्रसंग ठेवायला ती यादी बरी पडते, पण ती आपल्या वहीतच ठेवायची, कोणाला वाचून दाखवायची नाही.