हाक मागायची नसते

प्रिय बाळ,

जय ख्रिस्त.

रविवारी उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर जे झालं ते मी पाहिलं. शब्बाथशाळेत मुलांना बायबल शिकवणाऱ्या बाईंनी तुझ्या बायकोच्या मुलाला कौतुकानं विचारलं, "पप्पांबरोबर आलास का रे?" आणि पोरगं चारचौघांत म्हणालं, "हे माझे पप्पा नाहीत." तू हसलास. पण हातात छत्री असून ती न उघडताच पावसात उतरलास, तेही मी पाहिलं.

रात्री तुझा मेसेज आला. लग्नाला पाच महिने झाले, शाळेची फी भरतो, सायकल आणली, जेवणाआधीच्या प्रार्थनेत रोज त्याचं नाव घेतो, तरी 'काका'च. आता त्याला समोर बसवून सांगू का, आजपासून पप्पा म्हणायचं म्हणून? शिवाय त्याच्या वडलांचा फोटो तू भिंतीवरून काढून कपाटात ठेवलास, त्याला हळूहळू विसर पडावा म्हणून.

अरे, पाच महिने! पाच महिन्यांत नव्या खोलीलासुद्धा आपला वास लागत नाही.

हाक मागायची नसते. बाकी उपदेश तुला पाळकसाहेब करतील, तू प्रार्थना करतोस हेही मला माहीत आहे. मला ही एकच गोष्ट कळलेली आहे, आणि ती कळेपर्यंत मी एका पोराची चार महिन्यांची जेवणं नासवली.

१९९१ साली माझं लग्न झालं तेव्हा आमचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, शिवडीच्या कबरस्तानात आहेत. माझगावची आमची खोली दहा बाय बाराची, मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. रुसायला दुसरी खोली नव्हती, तो रुसला की खाटेखाली जाऊन बसायचा. मी काही वाईट वागलो नाही. पाळी संपवून आलो की त्याचे पाढे घ्यायचो, तापात रात्र रात्र जागलो. पण एक गोष्ट मला खुपायची, त्याचं मधलं नाव. आपल्याकडे पोराच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो. हजेरीत, गुणपत्रिकेवर, सगळीकडे. दर वेळी ते नाव वाचलं की मनात यायचं, घाम माझा आणि जागा याची.

१९९८ साली तो आठवीत होता. दहावीच्या सर्टिफिकेटवर छापलं गेलं की ते नाव जन्माचं, म्हणून मी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून राजपत्रात नाव बदलण्याचा फॉर्म आणला. माझं नाव मध्ये घालून भरला आणि रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवला. वर म्हणालो, आता मोठा झालास, पप्पा म्हणायला लाग.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वह्या उघडल्या. खाकी कव्हरांवरच्या प्रत्येक लेबलवर त्यानं मधलं नाव पेनानं गिरवून गिरवून जाड केलं होतं. भूगोलाच्या वहीवर तर इतकं, की लेबल फाटून शाई खालच्या खाकी कागदात उतरली होती.

फॉर्म मी दिला नाही. पण एकदा मागितलं ते मागितलं. चार महिने तो माझ्याआधी जेवायचा, नाहीतर माझ्यानंतर. दहा बाय बाराच्या खोलीत हे जमवायला काय जिद्द लागते याचा विचार कर.

मग ईस्टर आला. पहाटे मंडळी शिवडीला गेली, तेव्हा मी घरून घासायचा ब्रश आणि तांब्या नेला. त्याच्या वडलांच्या दगडावर शेवाळ धरलं होतं. मी गुडघ्यावर बसून अक्षरं घासत होतो आणि तो न सांगता पाणी ओतत होता. घासता घासता ते मधलं नाव माझ्याच ब्रशखालून स्वच्छ निघालं. येताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, आणि त्या रात्री जेवायलाही. हे मी सात वर्षं आधी करायला हवं होतं. सात वर्षं मी त्याला एकट्या आईबरोबर तिथे जाऊ दिलं.

येशूला वाढवणारा योसेफ तुला नाताळच्या नाटकापुरता माहीत आहे, कांबळं पांघरून गोठ्यात उभा राहणारा. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय ४१ व्या वचनापासून पुढे वाच. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, एक दिवसाची वाट चालून गेल्यावर आईबापांच्या लक्षात येतं, ते उलटे फिरतात, तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. मरिया म्हणते, तुझा पिता आणि मी कासावीस होऊन तुला शोधत होतो. आणि मुलगा म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरात असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्यातलं ईश्वरी सत्य मी नाकारत नाही, त्यावरच आपला विश्वास उभा आहे. पण मी ते वाचतो योसेफाच्या जागी उभा राहून. वणवण करून आलेल्या माणसानं ते वाक्य शास्त्र्यांच्या देखत ऐकलं. तुझ्या त्या पायऱ्या त्यापुढे काय रे? आणि तो काय म्हणाला? काही नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एक शब्द नाही. पुढे ते तिघं नासरेथला परत जातात आणि सुताराचं काम चालू राहतं. गावानं येशूला 'सुताराचा मुलगा' म्हटलं ते योसेफानं मागितलं म्हणून नव्हे.

पौल रोमकरांस लिहितो (८:१५), आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्याच्या योगानं आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो. हुकमानं नव्हे. प्रत्यक्ष देव ती हाक आतून येऊ देतो, आणि तू पाच महिन्यांत हिशेब मागतोस!

याचा अर्थ मऊ पडायचं असा घेऊ नकोस. मंडळीतले चार जण तुला सांगतील, तू सावत्र आहेस, रागवायचं ते आईला रागवू दे. मलाही सांगत. मी ऐकलं नाही आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. परीक्षेच्या दिवसांत मी त्याला पहाटे साडेपाचला उठवला. नाक्यावर सिगारेट ओढताना सापडला तेव्हा मनगट धरून घरी आणला. "तुम्ही कोण मला सांगणारे?" म्हणाला. मी म्हणालो, "या घरात भाजी आणणारा." बायको अजून म्हणते मी फार कडक वागलो. असेल. पण जो कधीच रागवत नाही तो घरात पाहुणा असतो. धाक ठेव, हाक मागू नकोस. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

आणि द्यायचं ते कागदावर दे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर सावत्र मुलाला आपोआप काही मिळत नाही. लग्नाआधी तू मृत्युपत्र केलं असशील तर तेही आपल्या लोकांच्या बाबतीत लग्नानं रद्द होतं, म्हणून नवं कर, दोन साक्षीदार घे. दत्तक घ्यायची सोय २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली आहे, सावत्र आईबापांनाही. पण आत्ता त्याची घाई नको. तो स्वतः विचारेल तेव्हा बघ. विचारणार नाही कदाचित.

माझ्यानं विचारलं नाही. आता चाळिशीचा झालाय, अजून मला काकाच म्हणतो. गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याचा फॉर्म त्यानं भरला. रुग्णाशी नातं, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं 'पुतण्या'. मला काही वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. नऊ रात्री तो बाकावर झोपला, सकाळी तिथूनच कामावर जायचा. मी त्याला त्या रकान्याबद्दल विचारलं नाही, विचारणारही नाही. मधलं नाव अजून त्याच्या वडलांचंच आहे, आता त्याच्या मुलीच्या मधल्या नावात तो स्वतः आहे. ती मला आजोबा म्हणते. तिला कोणी शिकवलं ते मी विचारलेलं नाही.

तो फोटो कपाटातून काढ. आजच. जुन्या खिळ्यावर नीट बसत नसेल तर ड्रिल माझ्याकडे आहे, शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो. पोराला घरी ठेव, शिकवणीला पाठवू नकोस. उंची कुठे घ्यायची ते त्यालाच सांगू दे, आणि स्क्रूही त्यालाच पिळू दे.

तुझा,
शब्बाथशाळेतला जुना मास्तर