काजूच्या हंगामासाठी मुलाला आयव्हरी कोस्टला पाठवावं का?

दोडामार्ग तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा २२ वर्षांचा, बी.एस्सी. कृषी झालेला. काजू बी आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याला फेब्रुवारी ते जून अशा पाच महिन्यांसाठी आयव्हरी कोस्टला 'क्वालिटी सुपरवायझर' म्हणून बोलावलं आहे. राहणं-जेवण कंपनीचं, पगार तिथल्या 'सीफा' चलनात. मुलाला फ्रेंच येत नाही. वडील म्हणतात, तिथे लढाया चालतात, पाठवायचं नाही. ताई विचारतात: हा देश आहे तरी कसा, यात करिअर आहे का, आणि पाठवावं का?

ताई, नमस्कार.

आधी वडिलांच्या काळजीचं बोलू, कारण ती निराधार नाही. सप्टेंबर २००२ मध्ये या देशात बंड झालं आणि देशाचे सरळ दोन तुकडे पडले. दक्षिण सरकारकडे, उत्तर बंडखोरांकडे. बंडखोरांचं केंद्र होतं बुआके शहर, म्हणजे काजूपट्ट्याचं दारच. २०१०च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्तपात झाला, त्यात सुमारे ३,००० माणसं गेली. २०११ पासून मात्र अलासान वातारा अध्यक्ष आहेत आणि देश एकसंध आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. प्रमुख विरोधकांना त्या निवडणुकीत उभंच राहता आलं नाही, त्यामुळे राजकारण शांत दिसत असलं तरी तिथे नाराजी आहे. वातारांचं वय ८०च्या पुढे आहे. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न या देशात पाय रोवू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायचा.

आजचा धोका आहे तो ईशान्य कोपऱ्यात, बुर्किना फासोच्या सीमेलगत. जून २०२० मध्ये काफोलो इथे लष्करी चौकीवर हल्ला झाला होता. बुना आणि फेर्केसेदुगूच्या उत्तरेचा भाग त्याच पट्ट्यात येतो, आणि बुनाच्या आसपास काजूही पिकतो. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न विचारायचा तो पगाराचा नाही. मुलगा कोणत्या गावी राहणार आणि कुठवर फिरणार, हे लेखी मागा. आबिजान, बुआके, कातिओला असं उत्तर आलं तर ठीक. बुना किंवा सीमेजवळचं गाव असेल तर पहिल्याच वर्षी तिथे पाठवू नका.

आता देश समजून घेऊ. नकाशावर तो 'कोत दिव्वार' या नावाने शोधा, सरकारी कागदांवर तेच नाव असतं. क्षेत्रफळ ३ लाख २२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडं मोठं. लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार २ कोटी ९४ लाख. कागदोपत्री राजधानी १९८३ पासून यामुसुक्रो, पण बँका, बंदर, बहुतेक मंत्रालयं आणि भारतीय दूतावास आबिजानलाच. दक्षिणेत समुद्राकाठी भरपूर पावसाचा जंगलपट्टा, तिथे कोको, रबर आणि पाम. जगातला सुमारे ४० टक्के कोको एकट्या या देशातून येतो. मध्यापासून वर गेलं की जंगल विरळ होत गवताळ माळ लागतो. तिथे पावसाळा एकच, साधारण जून ते सप्टेंबर, आणि डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमातान नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो. काजूला हेच मानवतं. कोऱ्होगो, ओदियेने, सेगेला, मांकोनो, बोंदुकू ही सगळी काजूची गावं. वर्षाला १० लाख टनांहून जास्त काजू बी पिकवणारा हा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे, आणि त्यातला बराच माल कच्चाच जहाजावर चढतो, व्हिएतनामला आणि आपल्याकडे.

तुमच्या मुलाचं काम नेमकं इथे सुरू होतं. भूगोल नीट कळला तर अर्धी नोकरी कळली असं म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारी-मार्चमधला माल कोरडा, पांढऱ्या गराचा, उत्तम. एप्रिलपासून अधूनमधून सरी पडू लागतात, झाडाखालची बी भिजते, आणि शेवटच्या मालात डागी, बुरशी लागलेला गर वाढतो. एकाच गावचा माल मार्चमध्ये घेण्याजोगा आणि जूनमध्ये नाकारण्याजोगा असू शकतो. भाव घसरेल या भीतीने बी उन्हात न वाळवता विकणारे शेतकरी तिथेही आहेत.

काजूचा सौदा 'आउटटर्न'वर होतो. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल, तो हा आकडा. पद्धत अशी: पोत्यांच्या थप्पीच्या वरून, मधून, खालून नमुना काढायचा, एकत्र करून चार भाग करत करत तो कमी करायचा आणि १ किलो बी घ्यायची. ती मोजायची, तिथे साधारण १८० ते २०० भरते. मग प्रत्येक बी कापून सालीसकट गर वेगळा करायचा: चांगला, डागी, आणि कुजका, पोचट किंवा तेलकट. चांगल्याचं वजन पूर्ण धरायचं, डागीचं निम्मं, बाकीचं शून्य. समजा चांगला गर २५५ ग्रॅम आणि डागी २० ग्रॅम निघाला. मग २५५ अधिक १० म्हणजे २६५ ग्रॅम. याला ८०ने गुणून ४५३.६ने भागलं की ४६.७ पौंड. ४६ ते ४८ हा तिथला नेहमीचा माल. करारात '४७, नकार ४५ खाली' असं लिहिलेलं असेल, तर दोन पौंडांच्या त्या पट्टीत भाव कापला जातो आणि ४५च्या खाली ग्राहक माल घ्यायला बांधील नसतो. एका ट्रकमध्ये ३५-४० टन माल असतो. नमुना फक्त दाराजवळच्या पोत्यांतून काढला तर काय होईल, याचा हिशेब मुलाला मांडू द्या.

ओलावा हे दुसरं दुखणं. ८ ते १० टक्क्यांच्या वर ओलावा असलेली बी कंटेनरमध्ये भरली, की समुद्रावर दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने आतल्या छताला पाणी धरतं आणि ते पोत्यांवर ठिबकतं. मुंबईला किंवा मंगळूरला दार उघडलं की बुरशीचा वास येतो. म्हणून कंटेनरला आतून क्राफ्ट म्हणजे जाड तपकिरी कागद लावतात, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. पोती तागाची हवीत, कारण प्लॅस्टिकच्या पोत्यात बी घामेजते. ओलावामापक यंत्र खोटं बोलू शकतं, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला ते तपासून घ्यावं लागतं.

तुमच्या घरी काजूची बाग आहे, हे मुलाचं मोठं भांडवल आहे. वेंगुर्ला-४ या जातीची बी साधारण पावणेआठ ग्रॅमची, म्हणजे किलोत १३० च्या आसपास. वेंगुर्ला-७ची १० ग्रॅमची. आफ्रिकेची बी पाच-साडेपाच ग्रॅमची. हा फरक ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला कापलेला गर बघून काय बिघडलं ते लवकर कळतं.

सरकार कुठे येतं? सगळीकडे. काजू आणि कापूस यांचं नियमन करणारी एक सरकारी परिषद आहे. हंगामाच्या तोंडावर ती शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव जाहीर करते. २०२४ मध्ये तो किलोला २७५ सीफा होता, २०२५ मध्ये ४२५. खरेदीदार आणि निर्यातदार यांना परवाना लागतो. माल फक्त बंदरातूनच बाहेर जाऊ शकतो, जमिनीवरून शेजारच्या देशात नेणं बेकायदा आहे. तरीही शेजारी भाव जास्त असला की चोरट्या वाटेने माल जातोच. बोंदुकू घानाच्या सीमेला लागून आहे, तिथे ही गोष्ट रोजची. मुलाने नकळत अशा मालावर सही केली तर अडकेल तो, व्यापारी नव्हे.

शिवाय धोरण बदलतं. सरकारला कारखाने देशातच हवे आहेत, म्हणून स्थानिक प्रक्रियादारांना आधी माल मिळावा यासाठी कच्च्या निर्यातीला अधूनमधून आवर घातला जातो. बेनिन या जवळच्या देशाने तर एप्रिल २०२४ पासून कच्ची काजू निर्यात बंदच केली. २०२४च्या हंगामात बाजार किमान भावाच्या कितीतरी वर गेला आणि आधी स्वस्तात सौदे केलेल्या अनेक पुरवठादारांनी माल दिलाच नाही. अशा वेळी ज्यांनी गावोगावच्या दलालांना आगाऊ रोकड वाटलेली असते त्यांचे पैसे बुडतात. या दलालांना तिथे 'पिस्तर' म्हणतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मुलाने गुणवत्ता तपासावी, रोकड हाताळू नये. करारात 'खरेदीच्या आगाऊ रकमेची जबाबदारी' किंवा 'घट पगारातून वसूल' असं काही असेल तर सही करायची नाही.

पगाराचं. सीफा युरोला बांधलेलं आहे, १ युरो म्हणजे ६५५.९५७ सीफा. डाकारची मध्यवर्ती बँक आठ देशांसाठी ते जारी करते. त्यामुळे ते घाना किंवा नायजेरियाच्या चलनासारखं झपाट्याने ढासळत नाही. पण जानेवारी १९९४ मध्ये एका रात्रीत ते निम्म्यावर आणलं होतं. आणि आपल्याकडचे मनी चेंजर ते सहसा घेत नाहीत. तेव्हा तिथल्या खर्चापुरतं सीफात आणि पगार भारतातल्या खात्यात रुपयांत, दर महिन्याला, असं लिहून घ्या. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. फेब्रुवारी ते जून हे पाच महिने दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात. दोन्ही वर्षांत मुलगा १८२ दिवसांहून कितीतरी जास्त भारतात राहतो. म्हणजे तो अनिवासी ठरत नाही आणि परदेशातला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो.

पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, दाखला आयुष्यभर चालतो. तो पिवळा दाखला हरवला तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरिया तिथला जास्त घातक जातीचा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, आणि परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर 'पश्चिम आफ्रिकेतून आलोय' हे पहिलं वाक्य असावं. कामाचा परवाना आणि निवासपत्र कोण काढणार, हे आधी ठरवा. पर्यटक व्हिसावर 'जा, मग बघू' म्हणणाऱ्याला नकार द्या. हा देश आपल्या एमिग्रेशन तपासणीच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या सरकारी तपासणीच्या, १८ देशांच्या यादीत नाही, त्यामुळे करार वाचून बघणारं सरकारी कार्यालय मध्ये येत नाही. ते काम तुम्हालाच करायचं आहे. पासपोर्ट मुलाकडेच राहील, परतीचं तिकीट आणि आजारपणात हलवण्याचा खर्च धरून विमा कंपनीचा, हे मुद्दे लेखी हवेत.

करिअर आहे का? आहे, पण 'पाच महिन्यांची परदेशी नोकरी' म्हणून नाही. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम फेब्रुवारी ते जून, गिनी-बिसाऊ थोडा उशिरा, टांझानियाचा ऑक्टोबर ते डिसेंबर. गुणवत्ता, करार आणि भाषा या तिन्ही येणाऱ्या माणसाला वर्षभर काम असतं, आणि तोच पुढे खरेदी-अधिकारी होतो. फक्त बी कापता येणारा आयुष्यभर बीच कापत राहतो. फरक पाडते ती फ्रेंच. गोदामातला वाद, पोलिसांची नाकी, वजनकाट्याची पावती, सगळं फ्रेंचमध्ये. उत्तरेकडच्या बाजारात जुला भाषा चालते. 'इ नी सोगोमा' म्हणजे शुभ सकाळ, एवढ्यानेही समोरचा माणूस मोकळा होतो.

म्हणून माझा सल्ला: या फेब्रुवारीत नको, पुढच्या फेब्रुवारीत जाऊ द्या. यंदा मार्च ते मे आपल्याच भागातल्या, आयात बी वापरणाऱ्या काजू कारखान्यात त्याने बी उतरवून घेणं, आउटटर्न काढणं, कंटेनर उघडल्यावरची प्रतवारी हे काम करावं, पगार कमी असला तरी. रोज नमुना कापून वहीत नोंद ठेवावी. जूनपासून फ्रेंच. अलियांस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेचे ऑनलाइन वर्गही असतात. जानेवारीपर्यंत डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची ए-२, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती पातळी गाठायला रोज दीड तास लागेल. व्यापाऱ्याला हे सगळं सांगून 'पुढच्या हंगामासाठी नाव धरा' असं लिहा. त्याला माणूस खरोखर तपासणीसाठी हवा असेल तर फ्रेंच शिकून येणारा मुलगा तो सोडणार नाही. आणि त्याचं उत्तर 'आत्ताच या, नाहीतर राहू द्या' असं आलं, तर वर सांगितलेल्या अटी त्याच्यापुढे ठेवा. कामाचं गाव, व्हिसाचा प्रकार, रोकड न हाताळणं आणि पगार इथल्या खात्यात, या चारही त्याने लेखी मान्य केल्या तरच तिकीट काढायचं.