कूर्गची १९५२ ची विधानसभा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कूर्गच्या (म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्याच्या; तेव्हा ते वेगळे राज्य होते) पहिल्या विधानसभेत २४ आमदार होते, पण मतदारसंघ १८ च दिसतात. छपाईची चूक आहे का?

नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. १८ पैकी १२ मतदारसंघ एकसदस्यीय होते आणि ६ द्विसदस्यीय. द्विसदस्यीय मतदारसंघातली एक जागा राखीव असायची आणि दुसरी खुली. ही पद्धत तेव्हा देशभर होती, फक्त कूर्गची नव्हती.

घोळ होतो तो निकाल वाचताना. अशा मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. राखीव जागेसाठी वेगळी आणि खुल्या जागेसाठी वेगळी अशी विभागणी नव्हती. सगळे उमेदवार एकाच यादीत असत. दोन्ही मते एकालाच देता येत नसत. दिली तर मोजणीत एकच धरले जाई, दुसरे बाद. मोजणी झाली की राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा आधी निवडून आला असे जाहीर होई. मग उरलेल्या सगळ्यांत, प्रवर्ग न पाहता, ज्याची मते जास्त त्याला दुसरी जागा.

समजा, राखीव प्रवर्गातल्या दोघांना ६,००० आणि ५,२०० मते पडली; इतर दोघांना ५,००० आणि ४,१००. इथे दोन्ही जागा राखीव प्रवर्गातले उमेदवारच जिंकतात. हे नुसते कागदावरचे गणित नाही. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात नेमके हेच झाले. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी तिथे हरले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तिथेही हरले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच बंद झाले.

मतदानाची टक्केवारी काढताना तर हमखास चूक होते. १०,००० मतदार आणि पडलेली मते १२,००० असे दिसले की बोगस मतदानाची शंका घेतली जाते. प्रत्येकाची दोन मते, म्हणून भागायचे असते २०,००० ने, म्हणजे टक्केवारी ६०. पण ६० टक्के लोकच केंद्रावर आले असे मात्र म्हणू नका. बरेच जण एकच मत टाकून परतत, त्यामुळे प्रत्यक्ष आलेल्यांची संख्या याहून जास्त असू शकते.

प्रश्न : तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का कुठे मारत?

कुठेच नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे, चिन्हही नसे. आकाराने ती एक रुपयाच्या नोटेएवढी होती आणि छापली गेली नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. दरेक उमेदवाराची पोलादी पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. आडोशामागे जायचे, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा, की झाले मतदान. लोकसभेच्या मतपत्रिकेवर हिरवा पट्टा, विधानसभेच्या पत्रिकेवर चॉकलेटी.

निरक्षर मतदारासाठी पद्धत सोपी, पण चुकायला जागा भरपूर. कागद पेटीच्या फटीत न घालता वर ठेवून येणे, लोकसभेचा कागद विधानसभेच्या पेटीत टाकणे, द्विसदस्यीय मतदारसंघात दोन्ही कागद एकाच पेटीत सारणे हे प्रकार ठरलेलेच. शिवाय उमेदवार जितके जास्त, तितक्या पेट्या प्रत्येक केंद्रावर वाहून न्याव्या लागत. कूर्गसारख्या डोंगराळ, जंगलाच्या आणि दणकून पावसाच्या मुलखात हे काम किती जड गेले असेल याची कल्पना करावी. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत नावे आणि चिन्हे छापलेली, शिक्का मारायची मतपत्रिका रूढ झाली.

प्रश्न : निकालात काँग्रेस १५ आणि अपक्ष ९ असे लिहिले आहे. एवढ्या छोट्या राज्यात इतके अपक्ष कसे?

ते सुटे अपक्ष नव्हते. म्हैसूर राज्यात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, याच प्रश्नावर ही निवडणूक लढली गेली. काँग्रेस विलीनीकरणाच्या बाजूने होती. विरोधात गांधीवादी नेते पांड्यंडा बेळ्ळियप्पा यांचा गट उभा होता. तागडी (कन्नडमध्ये तक्कडी) हे चिन्ह, म्हणून त्याला तक्कडी पक्ष म्हणत. अधिकृत तक्त्यात मात्र त्याची माणसे ‘अपक्ष’ या रकान्यात गेली. नुसता तक्ता पाहणाऱ्याला तिथे विरोधी पक्षच नव्हता असे वाटते. प्रत्यक्षात २४ पैकी ९, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा, वेगळे राज्य मागणाऱ्यांकडे होत्या. मार्च १९५२ मध्ये काँग्रेसचे सी. एम. पूणच्च मुख्यमंत्री झाले.

प्रश्न : पूणच्चांच्या सरकारला इतर राज्यांइतकेच अधिकार होते का?

नव्हते. कूर्ग ‘क’ वर्गाचे, म्हणजे केंद्राच्या देखरेखीखालचे राज्य होते. तिथे राज्यपाल नसे, केंद्राने नेमलेला मुख्य आयुक्त असे. तो हजर असला तर मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षपद त्याच्याकडे. मंत्र्यांशी त्याचे मतभेद झाले तर प्रश्न राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात दिल्लीतल्या सरकारकडे जाई. विधानसभेने मंजूर केलेले प्रत्येक विधेयकही राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवावे लागे. आमच्या मते याला निम्मे स्वराज्य म्हणणेही उदारपणाचे ठरेल. राज्यसभेत तर कूर्ग आणि अजमेर या एकमेकांपासून कोसो दूर असलेल्या दोन राज्यांना मिळून एकच जागा होती.

प्रश्न : एका आमदारामागे किती लोकसंख्या होती?

१९५१ च्या जनगणनेत कूर्गची लोकसंख्या सुमारे २ लाख २९ हजार होती. तिला २४ ने भागले की साडेनऊ हजार येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कूर्ग म्हैसूर राज्याचा एक जिल्हा झाला आणि ही विधानसभा संपली. आज कोडगू जिल्ह्यातून कर्नाटक विधानसभेवर दोनच आमदार जातात, मडिकेरी आणि विराजपेट इथून.