नेटवर्क सुरक्षेचा प्रमुख झालो. विदर्भात गावोगावी जिनिंग असलेल्या कंपनीत सुरुवात कुठून करू?

नवा फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारं यंत्र) घेण्याआधी यादी करा: हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, जिथे जिथे युनिट आहे तिथे स्वतः जाऊन कोणतं राउटर, कोणतं सिमकार्ड, कोणता कॅमेरा नेटला जोडलाय ते लिहून काढा. मी अशीच विखुरलेली युनिटं सांभाळतो. मुख्यालयाच्या नकाशात जे नसतं, तिथूनच चोर शिरतो. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर दुरुस्तीवाल्याने टाकलेलं रिमोट सॉफ्टवेअर तसंच असतं, आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड तर खोक्यातून आला तोच. मग काटा, कॅमेरे, गाठी बांधणाऱ्या प्रेसचं पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) आणि हिशेबाचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यांत, टाका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून पसरला. ती त्रुटी बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता! सगळं एकाच नेटवर्कात असेल तर एक मशीन पडलं की शेजारची पडायला वेळ लागत नाही. कागदोपत्री दोन गोष्टी पक्क्या करा:

- सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवायची, लॉग (यंत्रांवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे.
- सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवा. लाइन गेली की स्वस्त राउटरचं घड्याळ मागे जातं, मग लॉगमधल्या वेळेला काही अर्थ राहत नाही.

फक्त एक, हे व्हीलॅनचं काम कापसाच्या हंगामात काढू नका. काटा तासभर अडला तरी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि शिव्या तुम्हालाच पडतील. पावसाळ्यात, जिनिंग बंद असताना करा. पासवर्ड मात्र आजच बदला.