दोन बाजू की तिन्ही?

गंगापूर रोड, नाशिक

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझी टोपॉलॉजीची, म्हणजे आकारांच्या गणिताची, वही वाचली. व्याख्या नेटक्या उतरवल्यास, पण तिसऱ्या पानावर 'अवकाशात प्रत्येक त्रिकोण भरतो' असं लिहून बसलीस! (हाच घोळ मी वर्षभर बाळगला होता, म्हणून लगेच दिसला.)

नाशिकचा नकाशा काढ. जमीन आणि पूल एवढंच अवकाश धर, गोदावरीचं पाणी वगळ. पंचवटी कारंज्यावरून होळकर पुलाने रविवार कारंजा, तिथून भद्रकाली. झाल्या दोन बाजू. हा हॉर्न, म्हणजे एक बाजू आणि आतला भाग नसलेला त्रिकोण. तिसरी बाजू तूच निवडायची, म्हणून अडत नाही: याच दोन वाटा सलग चालून जा. भरीव त्रिकोण आपल्या दोन बाजूंवर दाबून बसवता येतो, त्यामुळे तो भरतोच. पण मी हट्ट धरला की तिसरी बाजू गाडगे महाराज पुलावरूनच, तर? मधे नदी अडकली. आता भरून दाखव! हा न भरणारा त्रिकोणच तर आपल्याला टिपायचाय. अवकाशातलं भोक तिथं कळतं.

अवकाशात काढता येतील तेवढे बिंदू, वाटा, त्रिकोण, चतुष्फलक आणि त्यापुढचे सगळे गोळा केले की सिंप्लिशियल सेट होतो. त्यात प्रत्येक हॉर्न भरतो, म्हणून तो कान कॉम्प्लेक्स. नाव गणितज्ञ डॅनियल कान यांचं. तेच तुकडे परत चिकटवले की मूळ अवकाश हुबेहूब येत नाही, पण होमोटोपी गटांना (अवकाशातली भोकं टिपणाऱ्या गटांना) फरक कळत नाही. चिकटवण्याची रीत मिलनर यांनी 1957 मध्ये मांडली. अवकाश आणि सिंप्लिशियल सेट, दोन्हीकडची होमोटोपी एकच, हे क्विलन यांच्या 1967 च्या कामातून पक्कं झालं.

हॉर्न भरणारी तिसरी बाजू, म्हणजे जोडवाट, एकच का नाही, असं तू समासात विचारलंयस. कुठे रेंगाळायचं, कुठे झपझप चालायचं, यावरून ती बदलते. पण अशी कुठलीही दोन उत्तरं एकमेकांत सरकवता येतात, आणि सरकवण्याच्या दोन रीतीही. म्हणून समानतेचा हट्ट सोड. मागे फिरण्याची हमी काढून फक्त आतले हॉर्न (त्रिकोणात, पहिली वाट संपते तिथूनच दुसरी सुरू होते ते) भरायला सांगितलं, की बोर्डमन आणि व्होग्ट यांची 1973 ची कल्पना हाती येते. तिच्यावरच पुढे ज्वायाल आणि लुरी यांनी इमारत चढवली. लुरींचा नऊशे पानांचा ग्रंथ मात्र सध्या कपाटातच राहू दे.

त्याऐवजी वर्तुळ घे: एक बिंदू, एक बाजू. तीच बाजू दोनदा जोड आणि तिसरी शोध. काय सापडतं ते रविवारी मिसळीवर सांग.

तुझा,
काका