हातात दिलं आणि गळ्यात अडकलं तर?

बाळ सहा महिन्यांचं होत आलं की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया हेच विचारतात. बेळगावात मी लहान बाळांच्या आहाराचं समुपदेशन करते, आणि ही भीती घेऊन गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका गावातून एक आई आली होती, सोबत सासूबाई, मांडीवर साडेआठ महिन्यांचा गुटगुटीत पोरगा. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही, त्यांना विचारूनच सांगतेय.)

झालं असं की उष्टावण मामाच्या हातून छान झालं, आणि मग आईनं मोबाईलवर रील्स बघितल्या, बाळाला चमच्यानं भरवायचं नाही, ताटात ठेवायचं, तो आपल्या हातानं खाईल. तिला ते मनापासून पटलं. पहिल्याच दिवशी तिनं सफरचंदाची कच्ची फोड हातात दिली, पोरानं नवीन दोन दातांनी तुकडा मोडला आणि एकदम खोकायला लागला, तोंड लालबुंद, डोळ्यात पाणी. सासूबाईंनी उचलला, तोंडात बोट घातलं, तुकडा कसाबसा बाहेर आला. त्या दिवसापासून घरात सगळं मिक्सरमधून. पेज, नाचणीसत्व, वरणभात, सगळ्याची पेस्ट, आणि ती पण मोबाईलवर गाणी लावून. आता जरा कण लागला की ओकारी काढतो, मान फिरवतो.

सासूबाई म्हणाल्या, "आमी चार पोरं वाढवली, कुणाच्या हातात असं दिलं न्हाई कधी. हिला मोबाईलवालं सगळं खरं."

मी आधी सासूबाईंना म्हटलं, आजी, तुमची भीती बरोबर होती, कच्चं सफरचंद या वयात द्यायचंच नाही. मग सुनेला म्हटलं, तुझा विचार पण बरोबर होता गं, फक्त वस्तू चुकली. दोघींना हे एकमेकींसमोर ऐकायला मिळणं फार गरजेचं होतं, कारण घरी त्यावरून बोलणं बंद झालेलं.

आता मुद्द्याचं. ओकारी येणं आणि गुदमरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या माणसाला ओकारी येते ती जिभेच्या बरंच मागे काही लागलं की, सहा महिन्यांच्या बाळाला ती जागा खूप पुढे असते, म्हणून घास घशाजवळ जायच्या आधीच शरीर तो बाहेर ढकलतं. तेव्हा बाळ खोकतं, आवाज करतं, लाल होतं. घाबरायला होतं पण तिथं शांत बसून बघायचं, तोंडात बोट घालायचं नाही, कारण बोटानं घास आणखी आत जाऊ शकतो. गुदमरताना उलट आवाजच येत नाही, रडता येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तेव्हा एक क्षण घालवायचा नाही. बाळाला हातावर पालथं धरायचं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब, परत थापा, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. हे मी बाहुलीवर सासूबाईंकडूनच करून घेतलं, कारण दिवसभर पोरगा त्यांच्याजवळ असतो.

न्यूझीलंडमधे ओटागो विद्यापीठानं साधारण २०० कुटुंबांबरोबर यावर अभ्यास केला होता, २०१६ मधे छापून आला. आयांना कुठला पदार्थ सुरक्षित ते आधी नीट शिकवलं होतं. हातानं खाणाऱ्या बाळांमधे गुदमरणं जास्त दिसलं नाही, ओकारी मात्र सहाव्या महिन्यात जास्त होती आणि आठव्या महिन्यात उलट कमी. म्हणजे शिकतात पोरं.

मग द्यायचं काय? त्यांच्या शेतात रताळी. याहून चांगलं काय हवं! उकडून, बोटाएवढा लांब तुकडा, आपल्या दोन बोटांत दाबला की चुरडला पाहिजे, हीच परीक्षा प्रत्येक पदार्थाला लावायची. सहा-सात महिन्यांचं बाळ मुठीत धरतं, चिमटीत नाही, म्हणून तुकडा मुठीच्या बाहेर आला पाहिजे. लाल भोपळा, शिजलेलं गाजर, पिकलेलं केळं, इडलीच्या लांब फोडी, अंड्याची पोळी नीट शिजवून पट्ट्या कापून, वरणात मऊ केलेली भाकरी. मीठ-साखर घालायच्या आधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर नाही म्हणजे नाही. शेंगदाणा द्यायचाच तर एकदम बारीक वाटून पेजेत. वर्षाच्या आत मध पण नाही, बोटाला लावून चाटवायला सुद्धा नाही, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो.

आणि बाळ बसलेलं असलं पाहिजे, पाठ ताठ, समोर एक मोठं माणूस जे फक्त बाळाकडे बघतंय. झोळीत, गाडीवर, खेळताना काही द्यायचं नाही.

"पण पोट भरतं का हो मॅडम?" हा तिचा पुढचा प्रश्न. सुरुवातीला नाही भरत. अर्ध्याहून जास्त जमिनीवर जातं. अंगावरचं दूध चालूच असतं, दोन वर्षं आणि पुढेही चालू शकतं, त्यामुळे उपाशी राहत नाही. तरी रील्समधलं ते "चमचा अजिबात नको" मला मान्य नाही. सहा महिन्यांनंतर बाळाचा आईकडून मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, नुसतं रताळं-केळं चोखून तो भरत नाही. म्हणून एका हातात तुकडा, आणि मधे मधे चमच्यानं मऊ कुस्करलेलं वरण, पालक, अंडं, घरात चालत असेल तर मटणाची कलेजी थोडीशी. शिवाय आशाताई सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते कपाटात पडून होतं, सुरू करायला सांगितलं.

मिक्सर एकदम बंद नाही केला. आधी कमी फिरवायचा, मग रवीनं घोटायचं, मग हातानं कुस्करायचं. मोबाईल मात्र त्याच दिवसापासून बंद, पोरगा सगळ्यांच्या पंगतीत. सुरुवातीला त्यानं नुसतं रताळं चिवडलं, केसांना लावलं, आईला रडू यायचं. मग एका संध्याकाळी सासूबाईंनीच सुनेच्या फोनवरून व्हिडिओ पाठवला, मागून त्यांचाच आवाज, "बघा की ओ, आपल्या हातानं खाऊलाय!" आता वजन दर महिन्याला अंगणवाडीत तायी कार्डावर (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) लिहून आणतात, रेघ वर चाललीय.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, मान अजून धरत नसेल, गिळताना दूध नाकातून येत असेल, किंवा वाढीची रेघ खाली वळली असेल तर हातात काही द्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तिथं माझा सल्ला पुरत नाही.